वारस लावायचे राहिले, दावा बुडाला

शेताच्या हद्दीचा दावा पंधरा-वीस वर्षे रेंगाळतो आणि मधेच वादी वारतो. मुलं दहावं-तेरावं उरकतात, तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर नावंही चढवून घेतात. कोर्टातही वारस लावावे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 नुसार असा दावा वारसांना पुढे चालवता येतो. पण अर्जाची मुदत 90 दिवस, आणि ती मृत्यूच्या तारखेपासून मोजतात, मृत्यूची बातमी कळल्यापासून नव्हे. मुदत उलटली की त्या पक्षकारापुरता दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे संपुष्टात येतो. त्यानंतरच्या 60 दिवसांत तो पुन्हा उभा करता येतो. तेही हुकलं तर उशीर माफीचा अर्ज, त्यावर हरकत, पुन्हा तारखा. बांध राहतो बाजूलाच.

प्रतिवादी वारला तर वादीची कोंडी अधिकच. गाव सोडून मुंबईत स्थायिक झालेला माणूस गेल्याचं त्याला कळणार कसं?

याचसाठी 1976 च्या दुरुस्तीने नियम 10अ आणला. अशील वारल्याचं समजताच वकिलाने कोर्टाला कळवायचं. न कळवल्यास काय, यावर मात्र नियम गप्प आहे. हे अन्यायाचं आहे. 90 दिवस या सूचनेपासूनच मोजावेत, आणि वारसांची नावं-पत्ते देणंही त्यात सक्तीचं करावं.