हयातीचा दाखला आणि दूरची किल्ली

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आला, तेव्हा त्याचा प्रोग्राम फ्लॉपीवरून येत असे. हिशेबाचा एखादा नियम बदलला की विभागीय कार्यालयातून नवी फ्लॉपी आणावी लागे. सोलापूरचे वैशाखातले ऊन! ती बिघडू नये म्हणून आमचे शिपाईकाका ती जेवणाच्या डब्यात घालून आणत. एका शाखेत नवा प्रोग्राम, तर पलीकडच्या शाखेत अजून जुनाच, असाही प्रकार चाले.

आज ही यातायात उरलेली नाही. प्रोग्राम वेबसाइटवर असतो. घरच्या संगणकावर उतरवून घ्यायचा आणि चालवायचा. निवृत्तांच्या घरातले ठळक उदाहरण म्हणजे ‘जीवन प्रमाण’. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली ही सोय. वेबसाइटवरून प्रोग्राम उतरवायचा, बोटाचा ठसा घेणारे यंत्र संगणकाला जोडायचे आणि ठसा ‘आधार’च्या नोंदीशी जुळला की हयातीचा दाखला तयार. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो मिळतो. लेकीकडे पुण्याला राहिलेल्या आजीला त्यासाठी सोलापूरची गाडी पकडावी लागत नाही. हे सुख लहान नाही.

मग माझी हरकत कशाला? प्रोग्राम आपल्या घरी आला, तरी त्याची किल्ली आपल्याकडे नसते, एवढेच मला सांगायचे आहे. ठसा जुळवणारी नोंद दूरच्या संगणकावर. लाइन गेली की आपला प्रोग्राम मुका. शिवाय देणाऱ्याने ती सोयच बंद केली, तर आपण काय करणार? वेबसाइटवरून प्रोग्राम उतरवून तो आपोआप ताजा ठेवणारी ‘जावा वेब स्टार्ट’ ही पद्धत २००१ साली आली आणि २०१८ च्या ‘जावा ११’ मधून काढूनही टाकली गेली. तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

व्यापाऱ्याला दुसरी वाट सापडते. पण आपल्या सोलापुरात विड्या वळण्यात ज्यांची उमर गेली, त्या बायकांचे काय? कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा उमटत नाही. बाई समोर बसलेली असते, श्वास घेत असते, पण यंत्राच्या लेखी तिची ओळख पटत नाही. काउंटरवर बसून इतकी वर्षे काढली. समोरच्या म्हातारीला पाहून, दोन शब्द बोलून अर्जावर सही करायला मला कधी लाइन लागली नाही.

म्हणून नव्या सोयीला माझा विरोध नाही; जुनी खिडकी मात्र बंद होऊ नये. हयातीचा कागदी दाखला आजही बँकेत देता येतो, पोस्टमनही घरी येऊन ठसा घेतो. हे मार्ग कुणाची मेहेरबानी म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून उघडे राहिले पाहिजेत. जिच्या पोटाचा प्रश्न पेन्शनवर अवलंबून आहे, तिला ‘नंतर प्रयत्न करा’ हे उत्तर पुरत नाही.

आणि वाचकहो, या नोव्हेंबरात एखाद्या रविवारी आईवडिलांजवळ बसा. महिनाअखेरीची वाट पाहू नका. मोबाइलने ओळखले तर उत्तमच. नाही ओळखले, तर त्यांचा हात धरून बँकेत घेऊन जा.