विश्लेषण : मोबाइलची रिंगटोन खुपते ती का?

मे २०१५. लग्नासाठी शिर्डीत आलेला नर्सिंगचा एक दलित विद्यार्थी भावांसोबत दुकानात बसला होता. मोबाइल वाजला. रिंगटोन होती बाबासाहेबांवरच्या गाण्याची. ती बंद करण्यावरून टोळक्याने वाद घातला, त्याला मोटारसायकलवरून पळवून नेले आणि ठार मारले, अशी फिर्याद दाखल झाली. अशा खुनांना ‘किरकोळ कारण’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. हे कारण किरकोळ नव्हते.

सत्यशोधक जलशापासून ही गाणी प्रश्न विचारत आली आहेत. १९३०च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी तमाशाच्याच बाजात आंबेडकरी जलसा उभा केला. अहिल्यानगरला लागूनच असलेल्या सिन्नर तालुक्यातले वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. पुढे कॅसेट आली, मग मोबाइल. जलसा बहुधा वस्तीत व्हायचा. तिकडे फिरकायचे की नाही, हे बाकीचे गाव ठरवू शके. रिंगटोनने ती सोय काढून घेतली. एसटीत, बाजारात, हॉटेलात ती कुणाला न विचारता वाजते. खुपते ते नेमके हेच.

गाणे घटना विसरू देत नाही, पण कोर्टात साक्ष देऊ शकत नाही. याच जिल्ह्यात खर्डा (ता. जामखेड) येथे एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. त्यावर राज्यभर मोर्चे निघाले. खटल्यात मात्र साक्षीदार फितूर झाले. त्यांना संरक्षण देणे सरकारचे काम होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.