पिलाची शेवटची लस

नातवंडांच्या हट्टापायी कुत्र्याचे पिलू घरात येते आणि त्याचे औषधपाणी अखेर आपल्याच गळ्यात पडते. म्हणून हे आपणांसच सांगावयाचे. १९७८ साली ओळखला गेलेला पार्व्हो विषाणू पिलाच्या आतड्यांवर घाला घालतो. उलट्या, रक्ती जुलाब, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत सारे आटोपू शकते. आमचे पिलू बाहेर जातच नाही, असे आपण म्हणाल. पण हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर उंबरठा ओलांडतो.

मग एकदा लस दिल्यावर पुन्हा पुन्हा कशासाठी? आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्ये पिलाचे रक्षण करतात, परंतु तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती केव्हा ओसरतील, हे प्रत्येक पिलात निराळे. यास्तव ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत मात्रा द्याव्या लागतात. काही घरी शेवटचीच राहून जाते, आणि खरी भिस्त तिच्यावरच असते. वर्षभराने पुन्हा एक.

रेबीजची लस निराळी. ती आपल्यासाठीही आहे. पार्व्हो माणसास होत नाही, तेव्हा आजारी पिलाची शुश्रूषा निर्धास्तपणे करावी. फरशीला मात्र फिनाईल पुरत नाही, पाण्यात मिसळलेले ब्लीच लागते. लसीकरणाचे कार्ड आपल्या गोळ्यांच्या डब्यातच ठेवावे.