मैना त्या घरातून का पळाली?



प्रेमाच्या सिनेमांना टपल्या मारायची आपल्या चळवळीला जुनी सवय आहे. नायिका सोसते, समोर बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावतात, आणि आपण शिबिरात त्यावर टीका करतो. १९९१ साली ‘माहेरची साडी’ला बायकांनी थिएटरं भरली, तेव्हाही आपण त्या रडण्याला नावं ठेवली. मला ते कधी पटलं नाही. बाई फुकट रडत नाही. ती नेमकी कुठे रडली, हे विचारायला हवं.

हे सुचलं ‘माणूस’मुळे. प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा १९३९ सालचा बोलपट. भांडुपच्या कोकणनगरात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत आम्ही तो मिळून पाहिला. इतका जुना सिनेमा, तरण्या पोरी मोबाईल काढून बसतील असं वाटलं होतं. नाही बसल्या.

गणपत साधा पोलीस शिपाई. धाडीच्या वेळी तो कोठ्यावरच्या मैनेला वाचवतो. पुढे दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. गणपत भला माणूस आहे. तिला त्या वस्तीतून काढायचं, लग्न करायचं, असं तो मनापासून ठरवतो आणि तिला आईकडे नेतो. आता आई हिला हाकलणार, असं आपल्याला वाटतं. पण आई तिला मायेने जवळ घेते. आणि मैनाच तिथून पळून जाते.

आमच्या खोलीत बायका रडल्या त्या इथे. खून पुढे आहे, जन्मठेप पुढे आहे, पण डोळे भरले ते या भल्या घरात. एक मावशी म्हणाली, “सासूनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.” मला वाटतं, या सिनेमाची सगळी ताकद या वाक्यात आली. बाहेरच्या माणसाशी भांडता येतं. ‘मी या घराच्या लायकीची नाही’ हे जेव्हा आतूनच कुणी बोलतं, तेव्हा भांडायचं कुणाशी? शांता हुबळीकरांची मैना दोन घटका आधी हसत, खिजवत, अनेक भाषांतून गात असते. तीच बाई देवापुढे उभी राहिल्यावर एवढीशी होऊन जाते. (सोज्वळ आईचं काम सुंदराबाईंचं आहे. त्या लावणी-ठुमरीसाठी नावाजलेल्या गायिका. पडद्यावर जिच्यापुढे मैना शरमते, ती बाई प्रत्यक्षात स्वतः बैठकीत गाणारी होती!)

शांतारामांना १९३५च्या ‘देवदास’ला उत्तर द्यायचं होतं. प्रेम फसलं म्हणून दारूत बुडू नका, जगा. उत्तर चोखच आहे, पण ते पुरुषाला दिलेलं आहे. गणपतला जगायचं शिकवलं जातं. मैनेच्या हातून पैशासाठी छळणाऱ्या मामाचा खून होतो आणि तिच्या वाट्याला जन्मठेप येते.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येते. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. २००५ साली राज्य सरकारने डान्सबार बंद केले, त्याआधी ती बारमध्ये नाचायची. नंतर एकाशी लग्न केलं. नवरा मारत नाही, पगार घरी देतो. फक्त प्रत्येक भांडणात, अगदी भाजी खारट झाली तरी, एक वाक्य येतं: “मी तुला तिथून काढली.” यावर कुठलं कलम लावणार? सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, “गणपत तिला सुधारायला निघाला. तुला काय पाहिजे, असं विचारलं का त्यानं?”

तिला कोणी उत्तर दिलं नाही. कायद्यालाही हे विचारायचं सुचलेलं नाही. १९५६च्या कायद्याखाली धाडीत सापडलेल्या सज्ञान बाईला ‘सुधारण्या’साठी निवारागृहात डांबता येतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. सज्ञान बाईने काय काम करायचं हे तिने ठरवायचं, असं म्हटलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणं तपासून त्यांना सोडायला सांगितलं. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद हेच मांडत आहे: आम्हाला सोडवू नका, आमच्याशी बोला. त्यांचं म्हणणं आपल्या गटांना पचायला जड गेलं. आपल्यातल्या कितीतरी जणी आतून गणपतच असतो, चांगल्या मनाच्या आणि घाईत असलेल्या.

शेवटी मैना कोठडीत असते. गणपत तिला तिथून पळवून न्यायला तयार होतो. ती नाही म्हणते.

यावर आमच्यात जुंपली. हा वेडेपणा आहे, हातची सुटका घालवली, असं निम्म्या जणींचं मत. वर टेकडीवरून आलेली एक मुलगी ऐकेना: आख्ख्या सिनेमात तिनं स्वतः ठरवलेली हीच एक गोष्ट, तीही तुम्ही काढून घेता? साडेनऊला पाणी येतं म्हणून बैठक मोडावी लागली. जिना उतरतानाही दोघी-तिघी भांडतच होत्या.