सर्व्हर डाऊन नसतो, आपली नोंद कुणीतरी धरून ठेवलेली असते

पेरणीच्या तोंडावर बँकेत गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पण बाजूच्या खिडकीवर दुसऱ्याचे पैसे निघत असतात. आपलंच खातं तेवढं उघडत नाही. मग सर्व्हर डाऊन कसा?

तलाठ्याचं जुनं रजिस्टर आठवा. एकजण पानावर लिहीत असेल तर दुसऱ्याला थांबावं लागायचं. ते बरोबरच होतं, नाहीतर एका शेताला दोन मालक लागले असते. संगणकातही एखादी नोंद बदलताना तिला असंच कुलूप लागतं, त्याला 'लॉक' म्हणतात. रजिस्टर उघडं टाकून माणूस चहाला गेला, की मागच्यांची कामं अडली.

जुने प्रोग्रॅम शाखेत बसलेल्या माणसासाठी लिहिलेले. आता तेच मोबाइलवरून, अंगठ्याच्या मशीनवरून लांबून चालवतात. आयबीएमचं एएस/४०० हे मशीन 1988 साली आलं; त्याच्या पुढच्या पिढ्या जगभरात अजून बँका-कारखान्यांत आहेत. तिथं बाहेरून आलेलं काम करायला सर्व्हरवर 'जॉब' तयार उभे असतात, नाक्यावरच्या मजुरांसारखे. एकाचं काम झालं की तोच जॉब पुढच्याचं घेतो. प्रोग्रॅमने काम झाल्यावर फाइल बंद केली नाही, किंवा मधेच रेंज गेली, तर कुलूप त्या जॉबकडेच राहू शकतं. समोरचा माणूस निघून गेला हे सर्व्हरला लगेच कळत नाही. पुढचा जॉब त्या नोंदीसाठी थांबतो, वेगळं काही ठरवलं नसेल तर 60 सेकंद, आणि मग एरर देतो. खिडकीवर त्याचंच नाव 'सर्व्हर डाऊन'.

अशा वेळी आपण काय करतो? पुन्हा पुन्हा अंगठा लावतो. म्हणजे बंद दारापुढं आणखी मजूर उभे करतो.

सगळा सर्व्हर बंद-चालू केला तर कुलूप निघतं, पण इतरांची अर्धवट कामंही तुटतात. कुलूप कोणत्या जॉबकडे आहे ते तिथल्या माणसाला एका कमांडमध्ये दिसतं, तेवढाच जॉब संपवला की झालं. कायमचा इलाज जुना प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करण्यात आहे: लिहिण्यापुरतंच कुलूप, चूक झाली तर लगेच सोडायचं, अर्धवट व्यवहार पूर्ण मागे फिरवायचा. माझ्या मते अडतं ते इथंच, चालू प्रोग्रॅमला हात लावायला कुणी धजत नाही.

गेल्या हंगामात गावातल्या मायक्रो एटीएमवर माझे दोन हजार कापले गेले, हातात काहीच आलं नाही. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे: अशी रक्कम व्यवहारानंतर 5 दिवसांत परत, पुढं उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये, आणि तेही तक्रारीची वाट न पाहता. म्हणून वेळ, तारीख, मेसेज जपून ठेवा. माझे पैसे सातव्या दिवशी आले. वरचे 200 अजून यायचेत.