पायांनी झूम होत नाही

फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्कशॉपला जा. पहिला चहा व्हायच्या आत एक वाक्य कानावर पडतंच : ‘झूम लेन्स आळशी लोकांसाठी. प्राइम लाव आणि पायांनी झूम कर.’ हे सांगणाऱ्याच्या गळ्यात ३५ किंवा ५० मिमीची लेन्स असते, कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा असतो आणि पुढचं वाक्य आँरी कार्तिए-ब्रेसाँबद्दल असतं. ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिमीवर केलं, हे खरंच आहे. पण त्याला कुणी ‘दादा, आधी करवलीबरोबर एक घ्या, मग सगळ्या काकांचा ग्रुप’ असं म्हणत नव्हतं.

मी लग्नं शूट करतो. आणि ते वाक्य मीही एकेकाळी खरं मानलं होतं.

सोलापूरकडचं एक कार्यालय, वैशाख, दुपारचा मुहूर्त. कॅमेऱ्यावर ३५, बॅगेत ८५. झूम मुद्दाम घरी ठेवलेली, कारण मला ‘वेगळं’ काम करायचं होतं. अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक चाललेलं. स्टेजवर भटजी, मामा, करवल्या आणि हात वर करून फोन धरलेले पंधरा पाहुणे. माझ्या पाठीला हॅलोजनचा स्टँड. तेवढ्यात बाजूला खुर्चीवर बसलेली नवरीची आजी दिसली, पदराने डोळे पुसत होती. ३५ वर ती गर्दीतला एक ठिपका. पुढे जायला वाट नाही, मागे स्टँड. लेन्स काढली, ८५ काढायला बॅगेत हात घातला, आणि ‘सावधान’ झालं. ताशा, अक्षता, गोंधळ. लेन्स बसल्याचा खटका ऐकू आला तेव्हा अंतरपाट खाली आलेला होता आणि पहिला हारही पडून गेलेला. आजीसुद्धा उठून गर्दीत गेली होती.

दोन्ही फोटो गेले. वर उघड्या कॅमेऱ्यात हळद-कुंकवाची कसलीशी पूड गेली. संध्याकाळचे ग्रुप फोटो एफ ८ वर घेतले होते, त्या प्रत्येकात उजव्या कोपऱ्यात तोच फिका डाग. मुलीच्या वडिलांनी अल्बम बघताना एकदाच विचारलं, ‘अंतरपाट खाली येतानाचा नाही का?’ पुन्हा विचारलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता त्या वाक्याकडे येऊ. ते आधी तर साफ चूक आहे.

चाललं की माणूस झूम करत नाही, जागा बदलतो. समजा नवरी माझ्यापासून एक मीटरवर आहे आणि मामा तिच्या मागे आणखी एक मीटरवर. मामाचा चेहरा नवरीच्या चेहऱ्याच्या निम्मा दिसणार. मी मागे सरकून नवरीपासून तीन मीटरवर आलो, तर मामा चार मीटरवर जातो, म्हणजे त्याचा चेहरा आता तिच्या पाऊणपट. पहिल्या फोटोत मामा पार्श्वभूमी आहे, दुसऱ्यात तो प्रसंगातला माणूस आहे. हा फरक फक्त अंतराचा. लेन्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. लेन्स एवढंच ठरवते की त्या जागेवरून किती भाग फ्रेममध्ये घ्यायचा. एक मीटरवर २४ लावा आणि तीन मीटरवर ७०, नवरी जवळपास तेवढीच दिसेल आणि मामा मात्र मोठा झालेला असेल. म्हणजे पाय एक काम करतात आणि रिंग दुसरं. दोन्ही हवीत. २४-७० हातात असली की उभं कुठे राहायचं हे प्रसंग बघून ठरवता येतं. प्राइमवर ते बऱ्याचदा लेन्सच ठरवते, आणि मग आपण त्याला ‘दृष्टी’ म्हणतो.

दुसरी गोष्ट मिररलेसची. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तर समोर आरसा असायचा, त्यामागे शटरचा पडदा. मिररलेसमध्ये आरसा नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर थेट उघडा पडतो. काही बॉडी बंद केल्यावर शटर मिटून घेतात, पण मंगलाष्टकांच्या मधे कॅमेरा बंद करून शांतपणे लेन्स बदलणारा माणूस मला अजून भेटायचाय. माउंटपासून सेन्सरचं अंतरही घटलंय. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर ते ४६.५ मिमी होतं, झेडवर १६. कॅननचं ४४ वरून २० वर आलं.

गंमत अशी, की याच बदलाने झूम सुधारल्या. आरशासाठी सोडायची जागा वाचली, मागची मोठी भिंगं सेन्सरजवळ आणता आली, आणि वाइडला कोपरेही नीट दिसायला लागले. वजन उतरलं : सोनीची २०१६ची २४-७० एफ २.८ ही ८८६ ग्रॅमची होती, २०२२ची ६९५ची. निकॉनची २०१९ची ८०५, २०२५ची ६७५. झूमची बदनामी जुन्या काळातली आहे. ३५ मिमी फोटो कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोइग्टलेंडरची झूमार, १९५९ची. ३६-८२ मिमी, एफ २.८. म्हणजे कल्पना तेव्हापासून हीच! फक्त त्या काळच्या झूम प्राइमपुढे मऊ पडायच्या, आणि तेव्हाची नाराजी रास्त होती. साठ वर्षांनी तीच नाराजी वारशाने मिळाल्यासारखी चालवणं जरा जास्त होतं.

‘पण एफ १.४ चं काय?’ चौपट प्रकाश, मान्य. मात्र मांडवात दोन मीटरवरून ८५ मिमी एफ १.४ वर नवरीचे डोळे धारदार आणि नवऱ्याचा चेहरा लोण्यासारखा येतो. लग्न दोघांचं असतं, त्यामुळे शेवटी भोक बारीक करावंच लागतं. एफ २.८ पूर्ण रेंजभर कायम राहतं, याची किंमत मॅन्युअलवर फ्लॅश मारणाऱ्यालाच कळते. किटमधल्या ३.५-५.६ च्या लेन्सवर रिंग फिरवली की उजेडच बदलतो.

आणि ‘प्राइमने शिस्त लागते’ हे तर फोनवर वाढलेल्यांना सांगूच नका. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मिमीएवढा दिसतो आणि तो फिक्स आहे. चिमटीने मधे मधे जे होतं ते बरंचसं कापाकापीचं काम. तुम्ही लहानपणापासून प्राइमच वापरताय. लागली शिस्त?

आळशी झूम असते, हे कबूल. जागेवर बसून, जे दिसेल ते रिंग फिरवून चौकटीत कोंबणारे मी रोज बघतो, कधी आरशातही. दोन लाखांच्या आसपासची लेन्स हप्त्यावर घेऊन कॅफेतल्या कॉफीचे फोटो काढणारेही आहेत. त्यांना माझा सल्ला : घेऊ नका. लग्नापुरती भाड्याने आणा. किंवा टॅमरॉनची २८-७५ बघा, २०१८ची पहिली आवृत्ती ५५० ग्रॅमची आणि बरीच स्वस्त. वाइडचे चार मिमी जातात, घर चालतं.

मला राग लेन्सबद्दलच्या मताचा नाही. राग त्या मागच्या उतरंडीचा आहे : प्राइमवाला कलाकार, झूमवाला ‘लग्नवाला’. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याचा एखादा क्षण हुकला तर तो खांदे उडवून पुढे जातो, पुढच्या चौकात दुसरा मिळतो. सोडून देणं त्याला परवडतं. आमच्याकडे बाप विचारतो. ज्याच्यामागे कुणी विचारणारं नाही त्याने विचारणाऱ्यांच्या मांडवात उभ्या असलेल्याला आळशी म्हणावं?

मागच्या महिन्यात पुन्हा तसंच स्टेज, तसाच स्टँड पाठीला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच नवऱ्याच्या बाजूने तीन पावलं मागे जागा धरली. ७० वर मामाचा थरथरणारा हात, ५० वर अंतरपाट सरकताना दोघांचे चेहरे, अक्षता उडाल्या तेव्हा २४. सगळं मिळून दहा-बारा सेकंद असतील. लेन्स एकदाही निघाली नाही.

३५ विकलेली नाही. रविवारी मंडईत जाताना लावतो.