घोटाळा 'होत' नसतो!

मराठीत फसवाफसवीला शब्दांची कमी नाही राव. थाप मारतात, टोपी घालतात, चुना लावतात, शेंडी लावतात. गंमत बघा, या सगळ्याला कर्ता लागतो. टोपी आपोआप उडून डोक्यावर बसत नाही.

रक्कम मोठी झाली की मात्र व्याकरणच बदलतं. मग 'घोटाळा होतो'. आता घोटाळा म्हणजे साधा गोंधळसुद्धा. एका वर्गात दोन सचिन पाटील असले की नावांचा होतो तो! सत्यमच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात स्वतःच कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती. तरी आपण म्हणायचं काय, तर सत्यममध्ये घोटाळा झाला. वा!

२०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघडकीला आली. गाडीची प्रदूषण चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. तोही म्हणे 'उत्सर्जन घोटाळा'. अहो, कोड लिहून पोट भरतो मी. बग 'होतो', मान्य. पण 'चाचणी चालू असेल तर' ही अट कोणीतरी खुर्चीत बसून टाइप करावी लागते. आणि दुसऱ्या कोणीतरी ती करायला सांगावी लागते.

भाजीवाल्याने दहा रुपयांना गंडवलं तर आपण त्याला तोंडावर लबाड म्हणतो. मग कोट्यवधींच्या वेळीच जीभ इतकी सोवळी का होते? 'झाला' म्हटलं की 'केला कोणी?' हा प्रश्नच पडत नाही, आणि करणाऱ्याला तेच हवं असतं.

तेव्हा सरळ म्हणा: कोणी, कोणाला, कितीला फसवलं.